पोचल्यावर कळवा

आमच्या घरी काळा टेलिफोन आला तेव्हा सगळ्या गल्लीत तेवढाच एक होता. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. आमचे हे टेलिफोन खात्यात होते. मला वाटलं होतं, आता माहेरची खुशाली कळेल, शाळेतल्या बायका जरा मानानं वागवतील. पण फोन आला आणि त्याच्या मागोमाग शेजारचे आप्पा आले, आणि त्या फोनचं काय करायचं हे त्यांनीच ठरवून टाकलं.

नांदेडच्या जुन्या मोंढ्यापाशी आम्ही माडीवर राहायचो. जिना चढून आलं की डावीकडे आमचं दार आणि उजवीकडे श्रमजन पक्षाचं कार्यालय. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन सतरंज्या, भिंतीवर घड्याळ आणि दारावर लाल पाटी. पाटीवर घमेल्याचं चित्र होतं, म्हणून लोक त्यांना घमेलेवाले म्हणत. आप्पा त्या पक्षाचे जिल्हा चिटणीस. मूळचे रेणापूरचे, वडलांचं तिथे किराणा दुकान. सकाळी आप्पा मोंढ्यातल्या एका आडतीवर नोकरी करायचे आणि दुपारनंतर पार्टी. गळ्यात लिंग होतं. कुणी म्हणालं, "कॉम्रेड, हे काय?" तर म्हणायचे, "पार्टी डोक्यात हाय. गळ्यात आईचं हाय. दोघांची भांडणं न्हाईत, तुम्ही कामून लावून राहिले?"

उंच, किडकिडीत माणूस. खांद्यावर टॉवेल. आणि चेहरा कायम चुलीवर दूध ठेवून बाहेर आलेल्या माणसासारखा.

"मास्तरीणबाई, एक अर्जी हाय," ते दाराबाहेर उभे राहूनच म्हणाले. "आमची माणसं खेडोपाडी जातेत. सभा झाली की घरी पोचली का न्हाई हे कळायला मारग न्हाई. तुमच्या फोनवर नुसतं 'पोचलो' म्हणतील. दुसरं काई न्हाई. राजकारण न्हाई."

"आणि नाही पोचले तर?" मी आपलं थट्टेत विचारलं.

आप्पांचा चेहरा उतरला. "तर मी जातो बगायला," म्हणाले.

आणि ते खरंच जायचे. कंधारच्या दत्ताचा एकदा फोन आला नाही. दत्ता म्हणजे पार्टीचा वक्ता. बोलायला उभा राहिला की रस्त्यावरची माणसं सायकलवरून उतरायची. त्याचा फोन नाही म्हटल्यावर आप्पांनी पहाटेची पहिली एसटी पकडून कंधार गाठलं. दत्ता बहिणीच्या घरी ओसरीवर घोरत पडला होता. आप्पांनी त्याला उठवलं नाही. बहिणीकडून तांब्याभर पाणी घेतलं, प्यायले आणि आल्या गाडीनं परत आले. मला सांगताना म्हणाले, "निजला होता बाई. बरं वाटलं."

तेव्हापासून माझी संध्याकाळ गेली ती गेलीच. सभेचा दिवस असला की दिवे लागायच्या सुमारास फोन वाजायला लागे. "बाई, लोहा पोचलं." "बाई, कंधार पोचलं, आप्पाला सांगा." चपातीचं पीठ हाताला, तसाच रिसीव्हर उचलायचा. आप्पा आमच्या उंबऱ्याबाहेर गॅलरीत बसलेले असत. आत या म्हटलं तरी येत नसत. घंटी वाजली की अर्धे उठत, मी गावाचं नाव सांगितलं की परत बसत. शेवटचं गाव पोचेपर्यंत जेवत नसत. त्यांची बायको, गंगावैनी, गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायची. तिचा डबा गॅलरीत तसाच गार होत पडे. "लेकरू एक हाय," ती मला म्हणायची, "आन् फिकीर जिल्ह्याची."

आप्पांच्या शबनम पिशवीत काय नव्हतं! पिना, सुतळी, डोकेदुखीच्या गोळ्या, गुळाचा खडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जादा चप्पलजोड. चप्पल कशाला, म्हणून मी विचारलं. त्यावर त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो अजून आठवतो. "मोर्च्यात चप्पल तुटती. चप्पल तुटली की माणूस मागं ऱ्हातो. मागं ऱ्हाईला की एकटा पडतो. एकटा पडला की पोलिसाला घावतो. पोलिसाला घावला की घरचे म्हणतेत, नगं जाऊस पुन्हा. एका चपलेपायी एक गाव जातं बाई." मला हसू आलं होतं. आता येत नाही.

त्या पार्टीत एक रीत होती आणि ती आप्पांनी पाडली होती. ती कशी पडली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. अंगणवाडीच्या बायकांचा मोर्चा काढायचा होता, त्याची तारीख ठरवायला बैठक बसली. लोह्याकडच्या एका गावातून सुमन नावाची पोरगी आली होती. नवीनच लग्न झालेली, अंगणवाडीत लागलेली, दाराशी पदर सावरून बसलेली. थोर मंडळी बोलत राहिली. जगात काय चाललंय, देशात काय चाललंय, भिंतीपलीकडून मलाही सगळं ऐकू येत होतं. सुमनची पाळी येईपर्यंत तिची एसटी निघायची वेळ झाली आणि ती गुपचूप उठून गेली. तारीख ठरली. मोर्च्याच्या दिवशी लोह्याहून एकही बाई आली नाही. अख्खा तालुका माळेगावच्या जत्रेत होता! ऐन जत्रेतली तारीख धरली होती शहाण्यांनी, आणि हे सांगायलाच ती पोरगी दाराशी बसून राहिली होती.

आप्पा आठवडाभर खंगले. मग त्यांनी नियम मांडला: बैठकीत सगळ्यात लहान माणसानं पहिल्यांदा बोलायचं आणि मग वयानं चढत जायचं. थोरानं सगळ्यात शेवटी. आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही. दत्ता कुरकुरला, पण नियम पास झाला. आप्पाच सगळ्यांत थोरले, म्हणजे स्वतःच्याच नियमानं ते कायमचे शेवटी गेले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. उलट सुमन पहिल्यांदा तोंड उघडून बोलली त्या दिवशी ते गॅलरीत येऊन मला म्हणाले, "ऐकलं का? पोरगी लई नेमकं बोलती."

मग त्या पार्टीला दिवस आले. मोंढ्यातले हमाल आले, रोजगार हमीच्या कामावरचे आले, अंगणवाडीच्या बायका तर होत्याच. तिकडे लातूर, रेणापूरपर्यंत शाखा निघाल्या. कलेक्टर कचेरीवरच्या मोठ्या मोर्च्याचा दिवस मला लख्ख आठवतो. आमच्या गॅलरीतून रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी आणि लाल बावटे. मी पार्टीची कुणी नव्हे, पण माझ्याही अंगावर काटा आला. एवढ्यात आप्पा धापा टाकत जिना चढून आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, लई माणूस आलं."

"मग चांगलंच की आप्पा!"

"आलं ते आलं. ह्यास्नी परत कसं पोचवायचं?"

सगळा जिल्हा घोषणा देत होता आणि हा माणूस टेम्पो मोजत होता. त्या संध्याकाळी आमचा फोन इतका वाजला की यांनी कानाला मफलर बांधला.

पुढच्या निवडणुकीत दत्ता आणि सुमन दोघंही जिल्हा परिषदेवर निवडून आले. घमेल्यावर गुलाल पडला. मग मोठ्या पक्षांची मोठी माणसं आमचा जिना चढायला लागली. चपलांचा ढीग आमच्या दारापर्यंत यायचा. मला गंमत वाटे. आप्पांना वाटत नसे. "मोठी माणसं जिना चढून राहिली बाई," ते हळूच म्हणाले, "उतरताना काय घेऊन उतरतील, सांगता येत न्हाई."

ती माणसं दत्ताला घेऊन उतरली. एकदम नाही. आधी त्याची भाषणं मोठी झाली, मग त्याची गाडी मोठी झाली, मग बैठकीला येणं कमी झालं. आणि एका संध्याकाळी मी भाजी चिरत असताना फोन वाजला. "बाई, आप्पाला सांगा, पोचलो."

"कोण, दत्ता? कंधार का?"

"न्हाई बाई. मुंबई."

पक्षप्रवेशाची बातमी आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. पण सवयीचा गुलाम, त्यानं पोचल्यावर फोन केला होता! मी बाहेर जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी केली. मग म्हणाले, "नीट पोचला ना? आवाज कसा होता?"

मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला होता. जाणाऱ्याचा आणि विचारणाऱ्याचा.

दत्ताबरोबर निम्मी पार्टी गेली. राहिली ती लोह्याची एक जागा, सुमनची. पुढच्या निवडणुकीत ती राखली तर पार्टी राहील, नाही तर घमेलं पालथं पडणार, हे सगळ्यांना कळत होतं. आप्पांना तर झोप नव्हती. पोलिंगला माणसं मिळतील का, सुमनच्या नवऱ्याला कुणी धमकावेल का, ऊन लागून म्हाताऱ्या घरीच बसतील का, एकेक फिकीर काढायचे आणि तिचा इंतजाम करायचे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच शबनम घेऊन लोह्याला गेले.

संध्याकाळी फोन वाजला. सुमन. नुसताच श्वास ऐकू येत होता.

"काय झालं? गाडीला काही झालं का?" मी विचारलं.

"गाडीला न्हाई बाई. पार्टीला झालं."

मग तिनं सांगितलं. अर्ज भरून तयार होता, सह्या झाल्या होत्या. तहसील कचेरी हाकेच्या अंतरावर. तिच्या ओसरीवर शेवटची बैठक बसली, कारण एका मोठ्या पक्षानं ऐन वेळी पाठिंबा देऊ केला होता. तो घ्यायचा की एकट्यानं लढायचं, एवढंच ठरवायचं होतं. अर्ज तीनच्या आत द्यायचा. नियमाप्रमाणे सुमन आधी बोलली, एका वाक्यात: "एकटंच लढू." मग वयानं चढत बाकीचे. आणि जसजसं वय चढत गेलं तसतसं बोलणं लांबत गेलं. कुणी दत्ताच्या गद्दारीवर, कुणी देशाच्या परिस्थितीवर. घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, पुढचा आटोपतं घेईल. तोडायचं नाही हा नियम. आप्पा सगळ्यांत थोरले, त्यांची पाळी शेवटी.

"आप्पानं टावेल पिळून पिळून दोरी केली बाई," सुमन म्हणाली. "घड्याळाकडं बगायचे, बोलणाराकडं बगायचे. पण तोंड उघडलं न्हाई."

पाळी आली तेव्हा ते फक्त म्हणाले, "सुमन, ऊठ. पळ." ती पळाली. मागं सगळे पळाले, पन्नाशीतले आप्पासुद्धा. कचेरीचं दार डोळ्यांदेखत बंद झालं. आतला साहेब वाईट नव्हता, त्यानं नुसतं हातानं घड्याळ दाखवलं.

अशी चूक दुसऱ्या कुठल्याही पक्षाच्या हातून झाली नसती. तिथं कुणीतरी केव्हाच टेबलावर हात आपटला असता.

आप्पा परत आले ते दुसऱ्या दिवशी. मी विचारलंच, "आप्पा, एक शब्द मध्ये बोलला असता तर?"

"तर सीट मिळाली असती. नियम गेला असता." मग म्हणाले, "आता नुसता नियम ऱ्हाईला."

आयुष्यभर ज्या माणसानं शंभर वाटा राखल्या, त्याच्या हातून पार्टी निसटली ती त्यानंच बांधलेल्या दारातून. ते त्यांना सोडेना. भाजीवाल्याला विचारायचे, डॉक्टरला विचारायचे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारायचे, "समजा, तुम्ही असता तर काय केलं असतं?" कुणी म्हणे, बोलायला पाहिजे होतं. त्या दिवशी जेवत नसत. कुणी म्हणे, तुमचं बरोबर होतं. त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मी म्हणाले, "मी असते तर ओरडले असते." तर म्हणाले, "तुम्ही मास्तरीण हाव. तुमचं कामच हाय ते."

पार्टी एका दिवसात संपत नाही. आधी रेणापूरचा फोन यायचा थांबला, मग कंधारचा. पाटीवरचं घमेलं उन्हानं फिकं पडलं. आमचे हे गेले, आप्पांची गंगावैनी गेली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी मी तो घरचा फोन काढला नाही. मुलगा म्हणतो, कशाला बिल भरतेस? त्याला काय सांगणार! वर्षातून एखादी सभा व्हायची आणि मग सुमनचा फोन यायचा, "बाई, पोचले." तेवढ्या एका फोनसाठी आप्पा गॅलरीत बसायचे.

मागच्या उन्हाळ्यात घरमालकाच्या मुलानं खोली क्लासवाल्याला द्यायची ठरवली. आता आमच्याकडे काय, गल्लीगल्लीत डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचे क्लास. आप्पांनी शेवटची बैठक बोलावली. बोटावर मोजावी एवढी माणसं आली, एकेक करून कठडा धरत. मी चहा घेऊन गेले आणि दाराशीच थांबले, कारण मला माहीत होतं आता काय होणार. नियमाप्रमाणे सगळ्यांत लहान माणसानं आधी बोलायचं. आणि इतक्या वर्षांनी पार्टीत सगळ्यांत लहान अजूनही सुमनच होती. तिला नात झाली होती, केस पांढरे झाले होते, तरी तिच्यानंतर कुणी आलंच नव्हतं.

म्हणजे पार्टी बंद करा, हे तिनं पहिल्यांदा म्हणायचं. जिला पार्टीनं तोंड उघडायला शिकवलं, तिनं.

सुमननं पदर सावरला. ओठ हलवले. आणि आप्पा उठून उभे राहिले.

"मी आधी बोलतो."

सगळे बघत राहिले. पार्टीच्या जन्मात असं झालं नव्हतं.

"आप्पा," सुमन म्हणाली, "पाळी माझी हाय."

"तुझी हाय म्हणूनच." आप्पांनी भिंतीला हात टेकला. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "पार्टी बंद करू. हे मी म्हणून राहिलो. उद्या कुणी इचारलं, कुणी मोडली पार्टी, तर आप्पानं मोडली म्हणायचं. पोरीनं न्हाई."

सुमन सतरंजीवर डोकं टेकून रडली. मी ट्रे तिथंच ठेवला आणि घरात येऊन फोनशेजारी बसले. लोह्यातल्या त्या दुपारी जो शब्द या माणसाच्या तोंडून निघायला हवा होता, तो आज निघाला होता, आणि पार्टी वाचवायला नाही. तरी मला वाटलं, त्या दिवशी गप्प बसायला जेवढी छाती लागली असेल, त्याहून आजच्या बोलण्याला जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी आप्पा लातूरला लेकीकडे कायमचे निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. शबनम होतीच. दुपारची गाडी, लोहा, अहमदपूर करत जाणारी. ते खिडकीशी बसले आणि नेहमीसारखे मलाच सांगायला लागले, "रिक्षावाल्याला हळू चालव म्हणा. घरी गेल्यावर गॅस बगा."

मी म्हणाले, "आप्पा, पोचल्यावर कळवा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी?" म्हणाले. आयुष्यभर जिल्ह्याला हे सांगणाऱ्या माणसाला हे कुणी म्हटलंच नव्हतं. गाडी हलली तरी ते वळून बघत होते.

दिवे लागले. गाडी केव्हाच पोचायला हवी होती. फोन गप्प. मी गॅलरीत गेले, आत आले. पलीकडच्या खोलीत क्लासवाल्याची माणसं बाकडी लावत होती. मी पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या, घास जाईना. लेकीचा नंबर मी घेतला नव्हता. रस्ता खराब आहे, आप्पांना चक्कर येते, पाणी घेतलं होतं का बरोबर? मी रिसीव्हर उचलून बघितला, फोन चालू तर आहे? मग माझ्या लक्षात आलं की मी उंबऱ्याबाहेर, आप्पांच्याच जागेवर येऊन बसले आहे. इतकी वर्षं हा माणूस रोज हे सोसत होता आणि मी त्याला चहा विचारत होते.

घंटी वाजली. मी धावले.

"बाई, पोचलो."

"आप्पा! किती उशीर!"

"गाडीत एक म्हातारी होती. तिचा पोरगा न्यायला येईस्तोवर स्टँडवर बसलो." मग म्हणाले, "काल घाईत इचारायचं ऱ्हाईलं. बैठकीची माणसं पोचली का समदी?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. कालपासून कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं.

"बघते," मी म्हणाले.

"कळवा. मी जेवायचा थांबतो."

मी फोन ठेवला, खुर्ची ओढून घेतली आणि पहिला नंबर सुमनचा लावला. सगळ्यांत लहान तीच.